बागवान मॅडमची बाजू

भोरमध्ये अजूनही काही घरांत आणि एक-दोन दुकानांत कॉम्प्युटर चालू केला की आधी काळा पडदा येतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी असतात, एकीखाली एक. मशीन कुठल्या सिस्टीमवर सुरू करायचं ते बाण वरखाली करून निवडायचं. नाही निवडलं तर थोडा वेळ वाट बघून मशीन आपलंआपण वरच्या ओळीनं पुढं जातं. त्या वरच्या ओळीला लोक ‘मॅडमची बाजू’ म्हणतात आणि खालचीला ‘परीक्षेची बाजू’. ज्यांनी जन्मात कुठली टायपिंगची परीक्षा दिली नाही, तेही असंच म्हणतात. खरी नावं लिनक्स आणि विंडोज. पण बाजारपेठेत ती नावं घेऊन बोलणारं माणूस मला फारसं भेटलं नाही.

या मॅडम म्हणजे शमीम बागवान. एस.टी. स्टँडकडून बाजारात शिरलं की एका शिलाईच्या दुकानावर, अरुंद लाकडी जिना चढून गेल्यावर त्यांचा टायपिंग क्लास होता. मी आंबवड्याची. दोन्ही मुलं शाळेत जायला लागली तेव्हा मी घरात सांगून टाकलं की मला टायपिंग शिकायचंय, आणि कुणाचं उत्तर यायच्या आत भोरची गाडी धरली. मॅडमनी माझं शिक्षण विचारलं नाही. हात पुढं करायला लावले, उलटसुलट बघितले आणि म्हणाल्या, नखं कापून ये. मी म्हटलं, लांबून आलेय, उद्या कापून येते. त्यांनी ड्रॉवर उघडून नेलकटर माझ्या हातात ठेवलं आणि खिडकीकडं बोट केलं. तिथं उभी राहून मी नखं कापली आणि पहिला धडा घेतला. मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा पास झाले, मग चाळीसची, मग इंग्रजी. त्यानंतर मॅडमनीच मला सकाळची बॅच शिकवायला ठेवलं. क्लास बंद होईपर्यंत मी तिथंच होते.

मॅडम उंच आणि काटक होत्या. साडीचा पदर खांद्यावर पिनेनं घट्ट बसवलेला, चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात. खुर्ची होती, पण त्या बॅच चालू असताना बसल्याचं मी पाहिलं नाही. दोन रांगांमधून फिरत असायच्या. कुणी कीबोर्डकडं बघून टाइप करतोय असं दिसलं की पाठीमागून येऊन त्याच्या दोन्ही हातांवर रुमाल पसरायच्या. नवी मुलं पहिल्यांदा दचकायची, मग त्या रुमालाखाली बोटं चालवायला शिकायची. कमरेला त्यांच्याकडं असे तीन-चार रुमाल कायम खोचलेले असत.

त्यांचे सगळे भाऊबंद फळांच्या धंद्यातले. वडील मात्र टाइपरायटर दुरुस्त करायचे. सायकलीला हत्यारांची पेटी बांधून कामथडी, नसरापूर, थेट वेल्ह्याच्या कचेरीपर्यंत जायचे. मॅडम सांगायच्या की वडिलांच्या मागं कॅरिअरवर बसून त्यांनी निम्मा तालुका पाहिला. लग्न झालं होतं. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ रफिक स्टँडाजवळ फळांची गाडी लावायचा आणि दोघं एकाच घरात राहायची. याहून जास्त घरचं त्या बोलायच्या नाहीत आणि दुसऱ्याच्या घरचंही विचारायच्या नाहीत.

एक वाक्य मात्र दिवसातून अनेकदा ऐकू यायचं. परीक्षेत चुकलेलं अक्षर खोडत बसलं की वेळ जातो, म्हणून त्या सांगायच्या, “चुकलं तर चुकलं. ओळ पुरी कर.”

क्लासमधली सगळी मशीनं काकडे नावाच्या गृहस्थांनी दिलेली होती. काकडे कॉम्प्युटर विकायचे आणि दुरुस्तही करायचे. बोलायला गोड माणूस. एकदा ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, मॅडम, ही सगळी आता बदलावी लागतील. विंडोजची नवी आवृत्ती या मशीनांवर बसत नाही, जुनीला इथून पुढं दुरुस्त्या मिळणार नाहीत. मी नवा लॉट आणतो, ही भंगारात घालू.

मॅडमनी विचारलं, यातलं बिघडलंय कुठलं? काकडे म्हणाले, बिघडलेलं एकही नाही, पण यांचा काळ संपला. मॅडम उठल्या, पहिल्या रांगेतलं एक मशीन चालू केलं, एक ओळ टाइप केली आणि त्यांना दाखवली. “हे चालतंय,” म्हणाल्या. “चालतंय तवर हितनं हलणार न्हाई.”

काकडे हसले. मला वाटलं विषय मिटला. पण मॅडमच्या डोक्यात तो घर करून राहिला. त्या फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघायला लागल्या. दुपारची बॅच सुटली की कानात ती बोंडं घालून बसायच्या. दुसरी एक सिस्टीम असते, ती फुकट मिळते, कुणाकडून चोरावी लागत नाही, आणि जुन्या मशीनवर हलकी चालते, हे त्यांनी मला एक दिवस सांगितलं. मी म्हटलं, मग जुनी काढून हीच टाकू. तर म्हणाल्या, परीक्षेचं सॉफ्टवेअर जुन्यावरच चालतं. ते काढून मुलांना शिकवू कशावर? दोन्ही ठेवायची. एकाच मशीनमध्ये.

पहिला प्रयोग एका रविवारी दुपारी झाला. खिडकीजवळचं मशीन घेतलं होतं. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर प्रश्न यायला लागले, मॅडम एकेकाला उत्तर देत गेल्या. एके ठिकाणी विचारलं होतं की नवी सिस्टीम जुनीच्या शेजारी बसवायची की सगळी डिस्क वापरायची. त्यांचं बोट दुसरीवर पडलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या मशीनवर मॅडमनी किती वर्षं जमवलेले मराठी चाळीसचे उतारे होते. सोपे, अवघड, जोडाक्षरांचे, आकड्यांचे. त्यांनी स्वतः रचलेले. सगळे गेले.

मॅडमनी मशीन बंद केलं, कुलूप लावलं आणि आम्ही घरी गेलो.

सोमवारी सकाळी बॅच भरली तेव्हा त्या दोन रांगांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं. म्हणाल्या, “काल ह्या मशीनवरचं सगळं पुसलं गेलं. लाईटनं न्हाई, काकड्यांनी न्हाई. माझ्या हातनं.” मग म्हणाल्या, चला, सुरू करा. त्या आठवड्यात रोज दुपारी त्या आठवेल तसे उतारे पुन्हा टाइप करत बसायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा पेनड्राइव्ह काढला. मी सुचवलं, आता दुसरं एखादं मशीन घेऊया, हे अपशकुनी दिसतंय. त्यांनी माझ्याकडं चष्म्याच्या वरून बघितलं. “ह्याचं जायाचं ते सगळं गेलंय. आता ह्याला भ्यायचं काय कारण?” आधी जुनी सिस्टीम तिच्या जागी परत बसवली, मग डिस्कचे दोन भाग केले, आणि बिस्मिल्ला म्हणून शेवटचं बटण दाबलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्या मशीनवर काळा पडदा आला आणि त्यावर दोन ओळी आल्या. मॅडम खाली जाऊन रफिकभाईंच्या गाडीवरनं चिकू घेऊन आल्या. पेढ्यांच्या जागी आम्ही ते खाल्ले.

पुढच्या काही रविवारांत सगळी मशीनं तशी झाली. जी चालू व्हायला चहा करून यावा एवढा वेळ घ्यायची, ती मॅडमच्या बाजूनं चटकन उठायला लागली. नव्या मुलांना हे दोन ओळींचं प्रकरण समजावून सांगताना त्या म्हणायच्या, एका घरात दोन चुली असल्या म्हणून घर मोडत नाही. परीक्षा जवळ आली की खालची ओळ, एरवी वरची.

मॅडमच्या बाजूला एक अडचण निघाली. तिथं मराठी होतं, पण टाइपरायटरच्या हाताचं नव्हतं. आमच्या हाताला पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय, तिथं ती नंतर मारावी लागायची. अर्धं अक्षर काढून त्याला काना जोडायचा, तोही हिशोब तिथं बसेना. मी म्हटलं, ही बाजू मग मराठीला उपयोगाची नाही. मॅडमनी आठवडाभर शोधून काढलं की कुठली कळ दाबल्यावर कुठलं अक्षर उमटायचं, हे त्या सिस्टीममध्ये साध्या मजकुरात लिहून ठेवलेलं असतं आणि ते आपल्याला उघडता येतं. त्यांनी ते उघडलं. एकेक ओळ बदलायची, मशीन पुन्हा चालू करायचं, बोटं चालवून बघायची. असं करत त्यांनी आमच्या हाताचा कीबोर्ड तयार केला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खुर्चीत मागं रेलून बसलेलं पाहिलं. “हे काय म्हणत न्हाई की तुला परवानगी न्हाई,” त्या म्हणाल्या. “सगळं उघडून दाखवतंय. मोडलं तर तुझं तू मोडलंस म्हणतंय.”

मंगल ढेबे याच सुमारास क्लासला आली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथली. घरी शेळ्या-मेंढ्या आणि गुरं. ती भोरला मावशीकडं राहून टायपिंग करत होती. बोटांनी चपळ, पण घाबरट. एके दिवशी तिनं मशीन बंद करायला म्हणून यादी उघडली आणि एकदम दोन्ही हात मागं घेऊन उभी राहिली. रडायच्या बेतात होती. “मॅडम, म्या काय केलं?” म्हणाली. पडद्यावर लिहिलं होतं, ‘निलंबित करा’. तिच्या गावचा ग्रामसेवक मागच्याच महिन्यात निलंबित झालेला. तिला वाटलं आपल्याला क्लासमधून काढतायत.

खरं तर मशीनला थोडा वेळ झोपवून ठेवायची ती सोय होती. कुणीतरी इंग्रजी शब्दाचं सरळ मराठी करून टाकलं होतं. मॅडमनी मंगलला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच दिवशी शोधून काढलं की हे शब्द कोण लिहितं. ते लिहिणारे देशभर विखुरलेले लोक होते, आपापल्या घरी बसून हौसेनं करणारे. मॅडमनी त्यांना ई-मेल लिहिली की या शब्दानं आमची मुलगी घाबरली, इथं ‘झोपवा’ असं लिहा. उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत, की सुचवणीबद्दल आभार, परंतु ‘झोपवा’ हा शब्द अशा ठिकाणी भारदस्त वाटत नाही. मॅडमनी उलट लिहिलं ते मला अजून पाठ आहे, कारण त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: “मी भोरची आहे. इथे लेकराला झोपवतात आणि तलाठ्याला निलंबित करतात. मशीन लेकरासारखे आहे.”

तो शब्द त्यांनी घेतला नाही. मॅडमनी आमच्या मशीनांवर मात्र बदलून टाकला. पुढं त्यांना असल्या पत्रांची चटकच लागली. दुसऱ्या शब्दांवरून त्या भांडत राहिल्या. काही शब्द त्या लोकांनी मान्य केले, काही नाही केले. एक मान्य झाला त्या दिवशी त्यांनी बॅचमधल्या प्रत्येकाला आपापल्या मशीनवर तो शोधायला लावलं.

काकड्यांनी जुनं म्हणून बाजूला काढलेलं मशीन घेऊन लोक हळूहळू आमच्याकडं यायला लागले. मेडिकलवाला, शिलाईच्या दुकानातला, एक निवृत्त गुरुजी. मॅडम रविवारी त्यांना दुसरी बाजू बसवून द्यायच्या. मग काकड्यांनी समोरच्या इमारतीत स्वतःचा टायपिंग क्लास काढला. काचेचं दार, थंड हवा, एकसारख्या खुर्च्या. त्यात चूक काही नव्हती, धंदा आहे. पण बाजारात बोलणं फिरायला लागलं. बागवानबाई मशीनमध्ये काहीतरी चोरीचं टाकतात. तिथं शिकलेल्यांचं प्रमाणपत्र धरणार नाहीत. आणि एक वाक्य होतं जे मी दोन वेगवेगळ्या पालकांच्या तोंडून ऐकलं: त्यांचं काय, त्यांचं सगळंच वेगळं असतं.

ते वाक्य मी मॅडमना सांगितलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत ते दुसऱ्या वाटेनं पोचलं. त्या दिवशी दुपारी त्या बराच वेळ खिडकीत उभ्या होत्या. मग एक मोठा पुठ्ठा आणला, त्यावर स्वतःच्या हातानं रंगवलं आणि खाली जिन्याच्या दाराला लावला: ‘आमच्या संगणकांत दोन सिस्टीम आहेत. दोन्ही कायदेशीर आहेत. ज्याला शंका असेल त्याने वर येऊन बघावे.’ रफिकभाईंनी येऊन समजूत घातली की आपा, कशाला लोकांच्या तोंडाला लागायचं. त्यांनी फक्त पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला.

वर येऊन बघणारे थोडे आले. बरेचजण आलेच नाहीत, मुलं समोर घातली. आणि मग कुणीतरी परीक्षेच्या कचेरीत तक्रार केली आणि तपासणीला साहेब आले.

आमचा क्लास परीक्षेचं केंद्रही होता, म्हणून तपासणी नवी नव्हती. हे साहेब पहिल्यांदाच येत होते. वयानं मॅडमपेक्षा लहान, वागायला सरळ. मशीन चालू केलं, काळा पडदा बघितला आणि म्हणाले, हे काय? मॅडमनी दोन्ही बाजू चालवून दाखवल्या. साहेबांनी परीक्षेचं सॉफ्टवेअर तपासलं, ते व्यवस्थित होतं. तरी म्हणाले, केंद्राच्या मशीनवर दुसरी सिस्टीम चालणार नाही.

“कुठल्या नियमात लिहिलंय, साहेब?” मॅडमनी विचारलं.

साहेब म्हणाले, असं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण तक्रार आली आहे आणि त्यांनाही वर उत्तर द्यायचं आहे. मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, “बाई, मी उद्या परत येतो. आजच्या आज ते काढून टाका. उद्या मला दिसलं नाही की मी ‘ठीक’ लिहून जाईन. नंतर तुम्ही काय करता ते मी बघायला येणार नाही.”

ते खरंच मदतच करत होते. ते गेल्यावर मी मॅडमना तेच म्हटलं. दोन दिवस काढू, परत टाकू. रविवारी आपण दोघी बसू. केंद्र वाचेल. केंद्र गेलं तर क्लास राहणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्यांनी साहेबांनी चालू केलेलं मशीन बंद केलं. मग म्हणाल्या, “सुनंदा, मी चोरीचं ठेवलंय का? न्हाई ना? मग लपवू कशाला? आज लपवलं तर उद्या ह्या पोरी म्हणतील, मॅडमचं चोरीचंच होतं.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पहिल्याच मशीनवर काळा पडदा आला आणि दोन ओळी आल्या. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. साहेब बसले नाहीत. उभ्या उभ्याच लिहिलं आणि जाताना म्हणाले, मला वाईट वाटतं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम केलंत.

केंद्र गेलं. काकड्यांना मिळालं. आमची मुलं परीक्षेला समोरच्या काचेच्या दारातून जाणार, असं ठरलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बजावलं की तिथल्या मशीनला, खुर्चीला, माणसाला, कशालाही नाव ठेवायचं नाही. हात धुऊन जायचं आणि टाइप करून यायचं. परीक्षेच्या दिवशी त्या स्वतः मुलांना रस्ता ओलांडून घेऊन गेल्या, दाराशी थांबल्या आणि मग समोरच्या फुटपाथवर येऊन उभ्या राहिल्या. बॅचमागून बॅच जात होती. ऊन चढलं. काकड्यांनी आपल्या माणसाबरोबर एक प्लॅस्टिकची खुर्ची पाठवली. मॅडमनी त्या माणसाला पाणी विचारलं आणि खुर्ची त्याच्याच हाती परत दिली. शेवटची बॅच बाहेर येईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. मंगल त्या बॅचमध्ये होती. ती पास झाली. नापास झालेलेही होते. निकाल लागला तेव्हा मॅडमनी नेहमीसारखी पास आणि नापास, दोन्हींची नावं मोठ्यानं वाचली.

त्यानंतर क्लासची मुलं कमी होत गेली. मॅडम वर अर्ज करत राहिल्या. उत्तरं आली, चौकशी चालू आहे अशी. केंद्र परत मिळालं नाही.

आणि मग एका सकाळी त्या आल्याच नाहीत. मी किल्ली आणायला घरी गेले तर रफिकभाई दवाखान्यात निघालेले. मीही त्यांच्याबरोबर गेले. मॅडमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तोंड वाकडं झालेलं, बोलणं जड, उजवा हात मांडीवर ठेवला तर तसाच पडून राहायचा. मी त्या हाताकडं बघत होते हे त्यांनी बघितलं. त्यांनी डाव्या हातानं पांघरूण ओढून तो झाकला.

मला वाटलं, आता हे संपलं. घरच्यांनाही तसंच वाटलं. रफिकभाईंनी क्लासची जागा सोडायची बोलणी सुरू केली. दोन-अडीच महिन्यांनी सकाळची बॅच चालू असताना जिन्यावर काहीतरी घासत वर येतंय असा आवाज आला. मी दारात गेले. मॅडम पायरीवर बसून, डाव्या हातानं मागची पायरी धरून, स्वतःला एकेक पायरी वर ओढत होत्या. पाठ माझ्याकडं होती. मी खाली धावले, तर न वळताच म्हणाल्या, बॅच सोडून का आलीस?

वर आल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या आणि खिडकीजवळच्या मशीनपाशी बसल्या. मला म्हणाल्या, ती अक्षरांची ओळ उघड. बोलणं अजून नीट उमजत नव्हतं, दोनदा सांगावं लागलं. मी कीबोर्डचा तो मजकूर उघडला. मग रोज दुपारी त्या सांगायच्या आणि मी बदलायचे. जास्त लागणारी अक्षरं डाव्या हाताखाली, कमी लागणारी लांब. काना अंगठ्याजवळ. र कुठं, वेलांटी कुठं, यावरून कधीकधी त्यांचा आदल्या दिवशीचा बेत दुसऱ्या दिवशी मोडायचा आणि सगळं पुन्हा मांडावं लागायचं. आयुष्यभर दहा बोटांना शिकवलेलं सगळं त्या पाच बोटांना नव्यानं शिकवत होत्या. चिडायच्या. एकदा कीबोर्ड ढकलून दिला आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी तो उचलून परत पुढ्यात ठेवला नाही, कारण मला भीती वाटली. बऱ्याच वेळानं त्यांनीच डाव्या हातानं तो ओढून घेतला.

एक दिवस त्यांनी मंगलला निरोप पाठवला. ती तेव्हा वेल्ह्याला एका दुकानात टायपिंगचं काम करत होती. ती आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, घड्याळ लाव आणि उतारा दे. मला म्हणाल्या, रुमाल टाक. मी माझ्या कमरेचा रुमाल काढून त्यांच्या हातावर पसरला. वेळ संपली तेव्हा मंगलनं मोजलं. तीसचा वेग आला नव्हता. चुकाही होत्या. मॅडमनी चुका मोठ्यानं वाचायला लावल्या, सगळ्या. मग मंगलला म्हणाल्या, परत लाव.

त्या दुपारीच वेल्ह्याचं निघालं. मंगल सांगत होती की तिकडच्या पोरींना टायपिंगला भोरला किंवा पुण्याला यावं लागतं, घरचे पाठवत नाहीत. तिच्या घराची रस्त्याकडची खोली मोकळी आहे, तिथं काही करता आलं तर बघत होती. मॅडमनी विचारलं, खोलीला जिना आहे का? मंगल म्हणाली, न्हाई, जोत्यावरच हाय, दोन पायऱ्या. मॅडम म्हणाल्या, मग ही मशीनं तिकडं न्यायची. मीपण येते.

रफिकभाईंनी लई समजावलं. या वयात, अशा तब्येतीत, डोंगरात, दवाखाना लांब, आपलं माणूस जवळ नाही. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तिथं माणसं राहतात ना? भावानं शेवटी आपला फळांचा टेम्पो दिला आणि मशीनं त्यात भरून पाठवली. वेल्ह्यात तो वर्ग खरंच सुरू झाला. वस्त्यांवरच्या पोरी येत होत्या असं मंगल फोनवर सांगायची. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम तिथंच वारल्या. कळल्यावर मी निघाले, पण पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्याच दिवशी, भोरच्या स्टँडवर.

टेम्पोत पुढं जागा होती. मॅडम म्हणाल्या, मी सामान नाही, मी एस.टी.नं जाईन. वेल्ह्याची गाडी लागली तेव्हा गर्दी होती, बाजाराचा दिवस. मॅडम दाराशी पहिल्या उभ्या होत्या. त्यांनी डाव्या हातानं दांडी धरली, डावा पाय पायरीवर ठेवला आणि उजवा पाय ओढून घ्यायला लागल्या. तो लवकर येत नव्हता. मागून लोक रेटत होते. मी हात दिला तर त्यांनी मानेनं नको म्हटलं. मागचा एक माणूस म्हणाला, “आजी, तुमी बाजूला व्हा, आमी चढतो, मग तुमाला घेतो.”

मॅडम वळल्या नाहीत. जड जिभेनं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “मी आधी आलेय. मी चढणार. तुमी थांबा.”

अख्खी रांग उभी राहिली. पाय पहिल्या पायरीवर आला, मग दुसऱ्या. त्या आत गेल्या आणि मग गर्दी आत गेली. मी गाडीच्या कडेनं खिडक्या शोधत गेले. त्या मधल्या सीटवर खिडकीशी बसलेल्या दिसल्या. कंडक्टर त्यांच्यावर वाकून काहीतरी सांगत होता, बहुतेक पुढं बसा असं, आणि त्या डावा हात हलवून त्याला काहीतरी ठामपणे सांगत होत्या. काच बंद होती, शब्द ऐकू येत नव्हते. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी मागं घेतली, स्टँडातून बाहेर वळली आणि नसरापूरच्या रस्त्याला लागली, तरी कंडक्टर तिथंच वाकलेला होता आणि मॅडमचं बोलणं अजून संपलं नव्हतं.